उमेदवारी जवळजवळ पक्की

१२ ऑगस्ट
पालम. झोप नाही. पक्षाचे जिल्हाध्यक्ष काल परभणीत म्हणाले, दत्तराव, तुमचं नाव वर पाठवलंय. म्हणजे विधानसभेचे तिकीट आपलेच. एकदा आमदार होतो. नंतर दोनदा पडलो, पण ती चूक लोकांची. सौ. कुसुमबाई विचारते, वर म्हंजे कुठं? तिला राजकारण कळत नाही. बीपीची गोळी घेतली. घेतली की नाही आठवेना, म्हणून परत घेतली.

१९ ऑगस्ट
निश्चय: मतदानापर्यंत एकही दहावा चुकवायचा नाही. आज नदीवर बोललो. गेलेला माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, सगळे आले. बायका रडल्या. गाडीत ड्रायव्हर बालाजी म्हणाला, साहेब, म्हातारी गेलीय. तुमी ज्याचं नाव घेतलं तो तिचा नवरा, समोरच बसला व्हता. खरे आहे. एक म्हातारा हात जोडून ऐकत होता. त्याचे मत नक्की.

३ सप्टेंबर
गुडघे धरले. उरलेले दहावे सूनबाई सविताकडे दिले. चिरंजीव जीवन खताच्या दुकानातून उठत नाही, करणार काय? सविता भाषण करीत नाही. नुसती बायकांत बसते, चहा करू लागते. असा प्रचार होत नसतो. समजावले. बरं मामा, म्हणाली. गरीब आहे.

२२ सप्टेंबर
मुंबईत आपल्या नावावर फुली. वय झाले म्हणे. मला तर अजून पंचाहत्तरावे लागायचे आहे.
रात्री समोरच्या पक्षाचा फोन. या, तिकीट देतो. डोके चालवले. मी तिकडे जायचे, सविताने इकडेच राहायचे. पुढेमागे परतायची वेळ आली तर दार उघडे. अशी खेळी जिल्ह्यात कुणाला सुचली नसेल. सौ. म्हणाली, सुचली आसंल, लोकं करीत न्हाईत.

२ ऑक्टोबर
प्रवेश झाला. पेपरातल्या फोटोत गळ्यातले नवे उपरणे स्पष्ट आले आहे. चेहऱ्यावर कुणाचा तरी हात आला. तिकिटाचा शब्द मिळाला. तोंडी आहे, पण शब्द तो शब्द.

२६ ऑक्टोबर, दुपार
नव्या पक्षाने तिकीट एका कॉन्ट्रॅक्टरला दिले. छाती धडधडते. ईसीजी नॉर्मल निघाला. डॉक्टर नवशिका दिसतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
जुन्या पक्षाने सविताला उमेदवारी दिली. सर्व्हेत गावोगावच्या बायकांनी तिचेच नाव सांगितले म्हणे. जाब विचारला. म्हणाली, मामा, तुमीच म्हणलात ना, तू इथंच राहा. सौ. गल्लीभर पेढे वाटायलीय. माझ्या हातावर अर्धाच ठेवला. शुगर आहे म्हणून.

११ नोव्हेंबर
नव्या पक्षाने सुनेच्या विरोधात सभेला उभे केले. नाही कसे म्हणणार? महामंडळाच्या अध्यक्षपदाचा इशारा झालेला आहे. तडफेने बोललो. शेवटी तीस वर्षांच्या सवयीने हात वर गेला आणि जुन्याच पक्षाच्या निशाणीसमोरचे बटण दाबा, असे सांगून बसलो. टाळ्या जोरात पडल्या. कॉन्ट्रॅक्टरने माईक काढून घेतला. बालाजी म्हणतो, साहेब, लय दिवसांनी मनापासून बोललात.

२३ नोव्हेंबर
सविता निवडून आली. माझ्या त्या सभेनेच वारे फिरले, हे कबूल करण्याइतका मोठेपणा तिच्यात आहे का, बघू. पोर साधी आहे, मुंबईत बुजेल. कुणाला कुठे गाठायचे, कुठल्या दाराने आत शिरायचे, सगळे मला पाठ आहे. तिच्याजवळ मीच लागणार. नेहरू शर्ट शिवायला टाकला.

७ डिसेंबर
आज शपथविधी. सविता जाताना म्हणाली, मामा, तुमी पडलात विरोधी पक्षाचे, बरं दिसत न्हाई. सासूला घेऊन गेली.
नवा शर्ट घालून टीव्हीसमोर बसलो. सविताचे नाव पुकारले तेव्हा उभा राहिलो. घरात कुणी नव्हते.
दुपारी सौ. चा विधानभवनातून फोन. कुठल्या दाराने शिरायचे ते सांगू लागलो. म्हणाली, आमी कवाच्या आत बसलोत. दूध तापवलं का?
गॅसवर ठेवले होते. उतू गेले.