एकशे बाराव्या पानावरची ओळ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्याला वेगळा.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं आणि मीठ कमी खातो, हे भाऊजींनाही सांग.

सरकारी छापखान्यात अंदाजपत्रकाची प्रुफं तपासताना मी हसं करून घेतलं. कर्जावरच्या व्याजाचा आकडा सगळ्या दवाखान्यांच्या खर्चाच्या चौपट दिसला. ओळी उलटसुलट लागल्या असणार, असं धरून मी लाल शाईने आकड्यांची अदलाबदल केली. साहेब स्वतः खाली आले. म्हणाले, "पंडितजी, आकडे आहेत तिथेच राहू द्या. चूक आहे, पण छपाईची नाही."

ऋण काढून सण करणारे आपण पाहिले. इथे ऋण काढून जुन्या ऋणाचं व्याज भरतात आणि सणासाठी वेगळं ऋण काढतात.

काल अंदाजपत्रक जाहीर झालं, म्हणून आता लिहायला हरकत नाही. खर्चकपातीची कात्री चालली ती तुमच्या गावच्या सरकारी दवाखान्यावर. तिथला हाडांचा विभाग तीन महिन्यांत बंद होतोय. ही ओळ एकशे बाराव्या पानावर आहे. तिथवर कोणी वाचत नाही.

तू लिहिलंस, "शस्त्रक्रियेची घाई काय? सरकारी दवाखाना कुठे पळून जातोय?" ताई, तो पळतोय, आणि तुझ्यापेक्षा जोरात. उद्याच जाऊन तारीख घे. भाऊजी "बघू" म्हणतील. त्यांना बघत बसू देऊ नकोस. रात्रीच्या दुखण्याबद्दल तू काही लिहीत नाहीस, तेही मला कळतं.

मी रजा टाकली आहे. तारीख कळव, आदल्या दिवशी दारात उभा राहतो.

तुझ्या आज्ञेत क्वचितच असलेला,
धाकटा