अंगारकीच्या संध्याकाळची सही

अहो,

कळण्याची भाकरी टोपल्यात आहे, ठेचा झाकून ठेवलाय. माझा उपास आहे, थांबू नका. मी हिलालच्या वकिलांकडे जातेय.

काल टीव्हीवरच्या मालिकेतल्या त्या निर्दोष डिटेक्टिव्हला जन्मठेप झाली, तेव्हा तुम्ही डोळे पुसलेत. "खोट्या साक्षीदाराच्या जिभेला किडे पडतील," म्हणालात. शेजारच्या मंदाबाई म्हणाल्या, "भाऊ किती हळवे हो." मी वाती वळत राहिले. देवापुढे हसणं बरं दिसलं नसतं.

सायकलवाल्या हिलालच्या दुकानात विहिरीवरची चोरीची मोटार तुमच्यासमोर सापडली, अशी तुम्ही पंच म्हणून सही केलीत. फौजदारांनी बोलावून चहा पाजला, एवढ्यावर. पण पंचनाम्यातल्या त्या संध्याकाळी अंगारकी होती. आपण दोघं पद्मालयाच्या गणपतीला चंद्रोदयाची वाट पाहत बसलो होतो. पंचनाम्याची तारीख मी विसरेन, माझी चतुर्थी कशी विसरेन?

आज दुपारी तुमची साक्ष आहे. तुम्ही खरं बोललात तर ठीक, नाहीतर मला कोर्टात उभं राहून सांगावं लागेल. तुम्हाला बुद्धी व्हावी म्हणून गणपतीला दूर्वा वाहिल्यात. तुमच्याकडे मागून काही उपयोग नाही.

यशोदा