कपाटातलं पिस्तूल

२४ सप्टेंबर, बुधवार

सरकारचं पिस्तूल माझ्या जेवणाच्या टेबलावर का, हे मला कोणीतरी सांगावं. वरणाच्या वाटीला लागून! लुंबिनी दुपारी आली, पट्ट्यातून काढलं, ठेवलं आणि हात धुवायला गेली. जसा काही मोबाईलच. मी म्हटलं, उचल. म्हणते, आजी, अर्धाच तास आहे, जेवू दे. मी ताटच उचललं. मग उचललं तिने.

नात सब-इन्स्पेक्टर झाली तेव्हा दिल्लीतल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या चारही मजल्यांवर पेढे मीच वाटले. पिस्तुलाचं तेव्हा कोणी बोललं नव्हतं. मला वाटलं टोपी घालतात, शिट्टी मारतात, चोर पळतो.

रोजची गस्त असते तिची. मोटरसायकल ती चालवते, मागे अंकुर नावाचा शिपाई. तिच्याकडे पिस्तूल, त्याच्याकडे काठी. आणि जायचं कुठे — तर भाजीबाजार, शाळेचं फाटक, पार्किंगवरून भांडणारे लोक. एवढ्याला पिस्तूल कशाला लागतं? भाजीवाला काय मुळ्याने मारणार आहे?

२५ सप्टेंबर

विचारलंच तिला. म्हणाली, भांडण सोडवायला गेलं की लोक माझ्या तोंडाकडे बघतच नाहीत, कमरेकडे बघतात. मी म्हटलं, मग ठेवून जा. तर म्हणते, नसलं तर तोंडाकडेही बघणार नाहीत.

म्हणजे मी काय समजायचं?

ठाण्यात सध्या हाच वाद चालू आहे म्हणे. अर्धे म्हणतात दिवसाच्या साध्या गस्तीला हत्यार नको, काही घडलं तर नेता येतंच. अर्धे म्हणतात, घडल्यावर नेऊन काय उपयोग. तुझं मत काय, म्हटलं. ‘माझ्या मताचा पगार मिळत नाही आजी.’ असं म्हणून टोपी घातली आणि गेली. माझ्यावर गेली आहे, सरळ उत्तर नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

वरच्या मजल्यावरच्या रुचिराची साखळी पार्कजवळ ओढून नेली. मानेवर लाल वळ उठलाय. ती रडत होती, मी तिला पाणी देत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं — असल्यांना तिथल्या तिथे गोळी घातली पाहिजे.

लुंबिनी दारातच उभी होती. एवढंच म्हणाली, ‘साखळीसाठी, आजी?’

बुधवारी ताट उचलणारी मीच आणि शनिवारी गोळी घालणारीही मीच. वृंदा म्हणाली, आई, तुमचं एकदा काय ते ठरवा. माझं चुकलं की सूनबाईच्या भाजीत मीठ बरोबर पडतं.

२८ सप्टेंबर

अंकुर चहाला आला होता. सोनीपतकडचा, जाटांचा मुलगा, माझ्या दाराएवढा रुंद. बूट बाहेर काढतो, मला दादी म्हणतो. डिसेंबरात खात्याची परीक्षा आहे, हवालदार व्हायचंय. थालीपीठ खाताना विचारलं त्याला, तुला नको का रे पिस्तूल? हसला. म्हणाला, ‘मैडम के पास है ना दादी. उसी के भरोसे तो लाठी लेकर भी सीना तान के चलता हूँ.’

दुसरं थालीपीठ वाढलं. पोरगा चांगला आहे.

३० सप्टेंबर

खिरीसाठी दूध जास्त सांगितलं. पांढरी साडी इस्त्रीला दिली. आज पिस्तुलाबद्दल लिहायचं नव्हतं. लिहिलंच.

२ ऑक्टोबर, गुरुवार

यंदा सगळं एकाच दिवशी आलं. गांधी जयंती, म्हणून माझ्या मुलाच्या, प्रफुल्लच्या ऑफिसला सुट्टी. ठाण्यात दसरा. आणि आमच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन.

लुंबिनीला बारा ते दोन सोडलं होतं, वंदनेपुरतं. आली ती गणवेशात. पिस्तूल काढलं तर त्यावर कुंकू, आणि झेंडूची एक पाकळी चिकटलेली. ठाण्यात सकाळी शस्त्रपूजा झाली, साहेबांनी सगळ्यांच्या हत्यारांना लावलं म्हणे. मी म्हटलं, हे पुढच्या खोलीत येणार नाही. तिथे बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, पांढरा कपडा, सगळं मांडून झालेलं. तिने वाद घातला नाही. पिस्तूल आतल्या लोखंडी कपाटात ठेवलं. पट्टा आणि पिस्तुलाचं चामडी पाकीट खुर्चीवर राहिलं. कपाटाला किल्ली मी लावली आणि जुडगा कमरेला खोचला. या घराच्या किल्ल्या माझ्याकडेच असतात. वृंदाला ते लग्नापासून खटकतं.

वंदना झाली. त्रिशरण, मग पंचशील. पहिलंच शील, जीव घेणार नाही. मी लुंबिनीकडे बघत होते. डोळे मिटून म्हणत होती. पांढऱ्या साडीत अगदी लहान दिसत होती.

खीर वाढायच्या आत फोन आला. मागच्या गल्लीत कोणी हाणामारी करतंय, तूच जवळ आहेस, जा. पाच मिनिटांत साडीची वर्दी झाली. पट्टा बांधला. खालून अंकुरचा हॉर्न.

‘आजी, किल्ली.’

किल्ली माझ्या कमरेला होती. मी म्हटलं, थांब, कुठे ठेवली बघते. आणि स्वयंपाकघरात गेले. डब्यांची झाकणं उघडली. तांदळाचा, डाळीचा, साखरेचा. कशाला उघडत होते ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. आत्ताच तिने म्हटलं होतं, जीव घेणार नाही. अजून मेणबत्त्या जळत होत्या. मला वाटलं, आजचा एक दिवस. एकच दिवस.

पुन्हा हॉर्न. ती म्हणाली, राहू दे. गेली.

साडेतीनला वृंदाच्या फोनवर कळलं. लुंबिनी ठीक आहे. अंकुरच्या हाताला लागलंय.

खीर तशीच आहे. कोणी खाल्ली नाही.

३ ऑक्टोबर

लुंबिनीने सगळं सांगितलं. सांगताना भिंतीकडे बघत होती.

शहाळेवाला होता. गाडी कुठे लावायची यावरून सख्ख्या भावाशी भांडण. दारू प्यालेला. काल दारूची दुकानं बंद, तरी मिळाली त्याला. हातात शहाळं कापायचा कोयता. भावाला भिंतीशी दाबून धरलेलं. अंकुर पुढे झाला आणि मागे न बघता म्हणाला, ‘मैडम, निकालो.’

हिचा हात कमरेला गेला. पाकीट रिकामं.

अंकुर तोवर कोयत्याच्या टप्प्यात गेला होता. त्याने पातंच धरलं. उजव्या हाताने. मग हिने त्या माणसाच्या गुडघ्यामागे लाथ घातली, तो पडला, दोघांनी दाबला. पडल्यावर तो माणूस मोठ्याने रडायला लागला म्हणे, आईला हाका मारत.

अंकुरच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. ऑपरेशन झालं. बोटं राहतील. वळतील का, ते डॉक्टर आत्ता सांगत नाहीत.

मी विचारलं, असतं तर काय केलं असतंस? ‘बहुतेक चालवलं असतं,’ म्हणाली. ‘इतक्या जवळून. छातीतच लागली असती.’

मग आंघोळीला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

४ ऑक्टोबर, शनिवार

प्रफुल्लबरोबर दवाखान्यात गेले. अंकुर झोपला होता. हात पांढऱ्या गाठोड्यासारखा, वर टांगलेला. त्याची आई गावाहून आली आहे. माझ्याच वयाची दिसते, असेल दहा वर्षांनी लहान. स्टुलावर बसली होती. मी लुंबिनीची आजी म्हटल्यावर मला स्टूल दिलं आणि स्वतः उभी राहिली. मग शांतपणे विचारलं —

‘माताजी, एक बात बताओ. मैडम के पास तो पिस्तौल थी. फिर मेरे लड़के ने हाथ क्यों डाला?’

तिला अजून कोणी सांगितलेलंच नाही. किंवा सांगितलंय आणि तिला माझ्या तोंडून ऐकायचंय. मला हिंदी येत नाही असं दाखवलं. चाळीस वर्षं दिल्लीत राहते मी! प्रफुल्लने माझ्याकडे पाहिलं.

येताना मेट्रोत बसायला जागा मिळाली. ती चांगली वाटली नाही.

५ ऑक्टोबर

लुंबिनीकडून खुलासा मागितलाय. ड्युटीवर असताना नावावरचं हत्यार जवळ का नव्हतं. नोकरीवर येऊ शकतं, प्रफुल्ल म्हणाला. त्याला मंत्रालयात असले कागद लिहायची सवय आहे. बसून लिहून दिलं, ‘सणाच्या गडबडीत अनवधानाने’. अनवधानाने! एवढा मोठा शब्द लावला की खोटंही धुतल्यासारखं दिसतं.

लुंबिनीने खाली सही केली. माझ्याकडे पाहिलं नाही. किल्ली म्हातारीला सापडली नाही हे न लिहिता मला वाचवते आहे.

मी बोलायला हवं होतं. घास तोंडात होता, गिळला आणि तसाच दुसरा घेतला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज खाली फाटकाशी एक बाई आली. कडेवर एक मूल, एक बोटाला. शहाळेवाल्याची बायको. वॉचमन हाकलत होता. मी दूध घेऊन येत होते, पोलिसीणबाईचं घर हेच का म्हणून मलाच विचारलं. मी म्हटलं, माझी नात. तर माझ्या पायांवर डोकं ठेवलं. नवरा तुरुंगात आहे, दीर घरात घेत नाही, तरी म्हणते मॅडमचे उपकार. तिने गोळी नाही चालवली. माझ्या पोरांचा बाप जिवंत आहे.

मी तिला उठवलं. दुधाची एक पिशवी दिली. दुसरं काय देणार? उपकार तिने चुकीच्या माणसाचे मानले होते, ते तिला कसं सांगू.

वर आले आणि बसून राहिले. वृंदाने दोनदा विचारलं, बरं नाही का. मला एकच कळत नाहीये. किल्ली दिली असती तर अंकुरचा हात धड असता आणि ही बाई पांढऱ्या कपाळाने फिरत असती. दिली नाही तर हिचं कपाळ राहिलं, अंकुरचा हात गेला. मी काय केलं? चांगलं की वाईट? एक बाई पाया पडते, दुसरीला मी तोंड दाखवू शकत नाही. आणि दोघींसाठी मी केलं ते एकच.

बुद्धाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता जीव घेऊ नकोस. पण अंकुरच्या आईपुढे त्यालाही स्टुलावर बसणं जड गेलं असतं.

रुचिरा सांगते, परदेशात पोलीस पिस्तुलाशिवाय गस्त घालतात. असतील. तिथे शहाळी कापत नसतील.

८ ऑक्टोबर

उद्या अकराला चौकशीचे साहेब घरी येणार. कपाट बघायचंय, घरच्यांचे जबाब घ्यायचेत, लुंबिनीचा खुलाशाचा कागदही तेव्हाच न्यायचाय. प्रफुल्लने सगळ्यांना बसवून सांगितलं, कोणी जास्त बोलायचं नाही. मला तर दोनदा सांगितलं.

मी ठरवलंय. चाबी मेरे पास थी, लड़की ने माँगी, मैंने नहीं दी. आरशासमोर म्हणून पाहिलं. तीन वाक्यं. तिची नोकरी राहील. मला काय करतील, या वयात बेड्या घालतील तर घालू देत. क्वार्टरच्या चारही मजल्यांना बघायला मिळेल.

पण साहेबांच्या आधी लुंबिनीला सांगायचं. तिला वाटतंय आजी म्हातारी झाली, किल्ली कुठे ठेवते ते विसरते. विसरत नाही मी.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सहाला तिच्यापुढे चहा ठेवला आणि सांगितलं. किल्ली कमरेलाच होती.

‘माहीत आहे आजी. डबे उघडत होतीस तेव्हा जुडगा वाजत होता.’

मी म्हटलं, मग ओढून का घेतली नाहीस? कप हातात फिरवत राहिली. म्हणाली, मला नकोच होतं ते. महिनाभर नकोच होतं, बोलायची हिंमत नव्हती. तू दिलं नाहीस, मला सुटल्यासारखं वाटलं.

‘आणि अंकुर?’

कप खाली ठेवला. म्हणाली, ‘पाकीट बंद होतं. त्याला वाटलं आत आहे. अख्ख्या रस्त्यात मी त्याला सांगितलं नाही.’

प्रफुल्लचा तो कागद मी फाडला. तिला म्हटलं, ऊठ. अकराला साहेब येतील, किल्लीचं त्यांना मी सांगीन. दवाखान्यात आठपासून भेटायला सोडतात. अंकुरच्या आईने जे विचारलं त्याचं उत्तर तू द्यायचं, आणि ते आधी. वर्दी घालून जा.