राणीच्या कानात

४ जानेवारी, शनिवार

आज मला माझ्याच नाटकात म्यूट केले. बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. दुसरे कारण नाही.

म्यूट करणारी माझी भाची उर्वशी. नागपुरात नाट्यशास्त्र शिकते. आमच्या दिघोरी गावच्या नाट्यमंडळाचे जुने नाटक ती ऑनलाइन बसवते आहे. राजा संशय घेतो, राणी विष पिते, मग राजा रडतो. याला अभिजात म्हणतात.

राणी कोण? मी हात वर केला. वय अडुसष्ट असले म्हणून काय! भूमिका तोंडपाठ आहे. १९७९ साली बी.ए. होऊन गावी आले तेव्हाही होती. तेव्हा मंडळ म्हणाले — गावची पोरगी स्टेजवर नको. लुगडे नेसून गोमाजी उभे राहिले. आता उर्वशी म्हणते, "आत्या, आपल्याला सर्वसमावेशक कास्टिंग करायचंय. गोमाजीबाबा खुब्याचं हाड मोडून पडलेत. ते खाटेवरूनच राणी करतील."

म्हणजे तेव्हा मी बाई होते म्हणून नाही, आणि आता नुसतीच बाई आहे म्हणून नाही! हे जरा मोठ्याने बोलले. म्यूट.

६ जानेवारी

मला काम मिळाले. प्रॉम्प्टर!

गोमाजींनी आयुष्यात एक वाक्य वाचून पाठ केले नाही. पडद्याआडून कोणीतरी सांगायचे, यांनी म्हणायचे — पंचेचाळीस वर्षे हेच. आमच्याकडे आळशीपणालाही कला म्हणतात. आता एक फोन खाटेसमोर स्टुलावर, तोंड दिसायला. दुसरा उशीखाली, त्याची वायर कानात. पलीकडे लाखांदुरात मी, वही घेऊन.

राजा सचिन. माझाच विद्यार्थी, गणितात तेरा मार्क. वरठीला कारखान्यात आहे. खोलीत रेंज नाही म्हणून न्हाणीघरातून राज्य करतो. मागे बादली दिसते. उर्वशी म्हणते, राहू द्या, समकालीन वाटतं.

९ जानेवारी

अडचण अशी — कानात येईल ते सगळे गोमाजी म्हणतात. सगळे!

मी सांगितले, "नाथ, माझा अपराध काय?" ते थांबले. मी म्हटले, "अहो पुढे बोला, झोपलात की काय!" राणीने पदर सावरला, राजाकडे पाहिले आणि थरथरत्या आवाजात म्हणाली — "अहो पुढे बोला, झोपलात की काय!"

सचिन खरोखर घाबरला. शाळा आठवली असणार.

उर्वशी टाळ्या वाजवते आहे. "हे ठेवायचं!" गोमाजी म्हणाले, "बाई, तुमच्या त्या वाक्यात जान हाय. नाथ-बिथमध्ये काहीच नाही."

ठेवले. माझे मत कोणी विचारले नाही. मी म्यूट होते.

११ जानेवारी

प्रेक्षकांची काळजी म्हणून एक नवा प्रकार निघाला आहे. नाटकाआधी पडद्यावर सूचना — चौथ्या अंकात विषप्राशन आहे, मन अस्वस्थ झाल्यास या नंबरवर बोला. नंबर माझा! आमच्या वेळी प्रेक्षक रडला नाही तर मंडळ रडायचे.

"आत्या, फक्त ऐकून घ्यायचं. रागवायचं नाही."

बत्तीस वर्षे शाळेत काढली, इतकी कठीण अट कोणी घातली नव्हती.

१२ जानेवारी, रविवार

दुपारी चारला प्रयोग. दोनशे अकरा जण.

चौथा अंक. गोमाजींनी प्याला उचलला. मी कानात सांगितले, "आता माझी सावलीसुद्धा या महालावर पडणार नाही." हे वाक्य मी आरशासमोर शेकडो वेळा म्हटले असेल. त्यांनी ते इतके हळू म्हटले की पुढचे द्यायचे मी विसरले. मग त्यांनी मान टाकली.

चांगले करतात. लिहायचे नव्हते, लिहिले.

प्रयोग संपला आणि फोन आला. दिवसभरात तो एकच. गोमाजींच्या पत्नी, सत्यभामाबाई. चुलीपाशी बसून शेजारणीच्या फोनवर पाहत होत्या — भिंतीपलीकडे नवरा मेलेला. त्याच फोनात माझा फोटो ओळखून त्यावर बोट ठेवले होते.

"बाई, गेले का हो ते?"

"नाटक आहे ते! खोलीत जाऊन पाहा."

"पाय उचलून नाही राहिला जी."

"आधी सूचना दिली होती ना!"

"लिवली होती. वाचनारं कोन हाय घरी? मले येत नाही, त्यायलेही येत नाही."

त्यांनाही येत नाही. आणि मी पंचेचाळीस वर्षे आळशी म्हणत आले!

फोन ठेवला नाही. एकेक पाऊल चालवले त्यांना. "भिंत धरा. उंबरठा आला? ओलांडा." शेवटी पलीकडून राणीचा आवाज आला — "काहून रडून राहिली? चाय मांड!"

मी रागावले नाही. नोंद असावी.

१३ जानेवारी

गोमाजींचा फोन. "सव्वीस तारखेच्या प्रयोगाले मी नाही जी. कालपासून बायको घंट्या-घंट्याले नाकाशी हात धरून पाहून राहिली. राणी आता तुमीच करा."

"तुम्हाला वाईट नाही वाटणार?"

"वाटते ना! पन बायको मोठी का राणी?"

आढेवेढे घ्यायला हवे होते. घेतले नाहीत. करते म्हटले, लगेच.

"मंग कानात मी सांगतो तुमाले."

"मला पाठ आहे."

"सारेच म्हनतेत."

१४ जानेवारी

एसटीने दिघोरीला जाऊन आले. देवघेव खालीलप्रमाणे.

गोमाजींकडून मला — राणी.

माझ्याकडून गोमाजींना — कानातली वायर आणि प्रॉम्प्टरचे काम.

सत्यभामाबाईंना — विष पिण्याआधी त्यांना फोन करून तोंडी सांगेन, हा शब्द.

सवयीने वहीही दिली होती, वाचता येत नाही हे आठवून परत आणली. खाटेशी बसून पहिला अंक म्हटला, अकराव्या वाक्याला अडले. पुढचे त्यांनी दिले, पंचेचाळीस वर्षे कानाने ऐकलेले.