राखीच्या नावे केलेली दोन सीटांची गाडी

आणि दीपक, माझ्या गाडीसाठी "भंगार" हा शब्द आता फोनवरही काढू नको. तीन वर्षं ऐकून घेतलं. आता काय ते कागदावर, साक्षीदारांसमोर.

मी गोकुळ रामराव अवचार, वय सत्तावीस, शिक्षण आठवी नापास, राहणार सोनाळा, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा. सध्या शारजात जुन्या गाड्या खोलायच्या कामावर. येत्या आठवड्यात मालवाहू जहाजाच्या इंजिनखात्यात चढत आहे. डोकं जागेवर आहे, दारू घेतलेली नाही, कोणी धमकावलेलं नाही. जहाजावर चढण्याआधी वारसाचं नाव विचारतात. तेव्हा वाटलं, पगाराला वारस लागतो तर गाडीला काऊन नाही? म्हणून हे मृत्युपत्र.

बँकेतली शिल्लक आईची, म्हणजे आशाबाईची. घर बाबांचं आहे, त्यात मी बोलत नाही. मोटरसायकल धाकट्या दीपकला, तशीही ती त्याच्याच बुडाखाली असते.

आता गाडी. १९४९ ची विलायती एमजी, दोन सीटांची, उघडी. संग्रामपूरच्या मोतीरामशेठच्या गोदामात सरकीच्या पोत्यांखाली सापडली. घरी आणली तेव्हा बाबा म्हणाले, "दोनच सीटा? मंग बाकीच्यायनं काय मांगं पयत याचं का?" बरोबर होतं त्यांचं. पण मला ती कारखान्यातून निघाली तशी उभी करायची आहे. तिचा एक हेडलाईट बँडवाल्याच्या हातगाडीवर वराती काढत होता, त्याला नवा दिवा देऊन तो सोडवला. कार्बोरेटरची जोडी इथं मिळाली. राहिलं फक्त रेडिएटरचं आठकोनी पितळी झाकण.

शेठ सांगतात, त्यांच्या वडिलांच्या वेळी सोनाळ्याच्या पांदणीत, शेतांमधल्या वाटेवर, गाडीचं पाणी उकळलं आणि झाकण उडून शेतात गेलं. पुढं ते त्या शेताचे मालक, म्हणजे आमच्या गावच्या मंजुळाबाईंचे सासरे, यांच्या नांगराला लागलं. आठ कोन पाहून त्यांनी ते बांधावर निंबाखाली मांडलं, शेंदूर लावला. आजही तिथं नारळ फुटतो.

मी मागायला गेलो तर मंजुळाबाई म्हणाल्या, "देव इकाले मांडला का रे म्या?"

"काकू, ते गाडीचं झाकण हाय."

"असन. तुह्या गाडीवर होतं तवा झाकण होतं. आता माह्या बांधावर हाय."

दीपक म्हणाला, "रातच्याले उचलून आणू बे, म्हातारीले काय दिसते?" तर त्या झाकणाला चोरून हात लावणाऱ्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. मोटरसायकलसुद्धा. तसलं दुसरं झाकण इथं मिळतं, ते मी घेणार नाही. त्या गाडीचं झाकण तेच.

म्हणून ठरवतो की गाडी आणि माझी सगळी पाने-हत्यारं राखीची. बहीण म्हणून नाही. दर रविवारी इंजिन ती चालू करते, दीपक नुसते फोटो काढतो. तिनं गाडी विकू नये, एकही नट वेगळा करू नये. लग्न होऊन गेली तर गाडी सोबत न्यावी, सासरच्यांनी तोंड वाकडं केलं तरी.

झाकण गाडीकडे येत नाही, तर गाडी झाकणाकडे जाईल. दसऱ्याला घरची अवजारं पुजून झाली की राखीनं पांदणीनं गाडी त्या बांधावर न्यावी, शेजारी बाबांना बसवावं. इंजिन थंड झालं की मंजुळाबाईंना विचारावं. त्या हो म्हणाल्या तर त्यांच्याच हातानं झाकण बसवू द्यावं, पूजा होईपर्यंत. शेंदूर खरवडू नये. नाही म्हणाल्या तर हात जोडून परत यावं आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा जावं.

यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. यंदाच जावं. मी समुद्रावर असेन, पण गाडी तिथं पोचलीच पाहिजे.

वाचून, समजून सही केली.
गोकुळ रामराव अवचार
शारजा, ९ ऑगस्ट २०२५

साक्षीदार, दोघंही माझ्या खोलीतले, दोघांसमोर सही झाली:
१. हरिओम
२. प्रसेनजित

सहीनंतर सुचलं ते खाली लिहितो. गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर आहे, पांदणीच्या चाकोऱ्यांत ते घासेल. दसऱ्याआधी मुरूम टाकून घ्यावा. त्यासाठी आज राखीच्या खात्यात पाठवत आहे रुपये अठ्ठेचाळीस हजार फक्त.