मासळीच्या थंडीतून गोडं पाणी

४ मार्च
मेव्हण्याच्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजला आज माझं यंत्र जोडलं. कॉम्प्रेसर आतली उष्णता काढून भिंतीबाहेर फेकतो. इतकी वर्षं ती फुकट गेली, एकाही शहाण्याची ट्यूब पेटली नाही. त्याच उष्णतेवर मी समुद्राचं पाणी तापवणार, वाफ धरणार, गोडं पाणी काढणार. एका बिलात दोन कामं! मेव्हण्याने विचारलं, भावजी, मासळीला काही होणार नाही ना? याची झेप तेवढीच.

७ मार्च, सकाळी
दिवसरात्र मिळून एक तांब्या. अजिबात खारट नाही. हिला चाखायला दिलं. म्हणाली, असं पाणी माठात आहे की. अशा बाईबरोबर मी संसार केला.

९ मार्च
पाऊण तांब्या. खर्च काढला. या भावात दूध येतं. हिशेब बरोबर आहे, पण घाईचा आहे. मेव्हण्याला दाखवला नाही. त्याला दशांश झेपत नाहीत.

१२ मार्च
मेव्हण्याची निम्मी मासळी एकटा हॉटेलवाला उचलतो. त्याच्याकडे रोज पाण्याचा टँकर येतो. सोमवारी यंत्र बघायला बोलावलंय. मेव्हणा म्हणतो, भावजी, हे गिऱ्हाईक गेलं तर मी बसलो. भित्रा! पण एक तांब्या दाखवायचा कसा?

१४ मार्च
युरेका! मेव्हणा फोनवर बोलत बाहेर आला, दार उघडंच राहिलं. आत गरम हवा शिरली, कॉम्प्रेसर जीव तोडून धावला, बाहेर उष्णताच उष्णता. आणि पाण्याची धार! मेव्हण्याने कपाळाला हात लावून दार लावलं. शोध याच्या नाकासमोर लागला आणि हा दार लावतो!

१६ मार्च
मेव्हणा दोन दिवस परगावी. किल्ली माझ्याकडे. दाराला रिकामा क्रेट अडकवून ठेवलाय. संध्याकाळपर्यंत बादली भरली! एफिशियन्सी म्हणतात ती हीच.

१७ मार्च
तिसरी बादली भरत आली. डबा घेऊन आलेली ही म्हणाली, वास मारतोय. म्हटलं, मासळीला मासळीचाच वास येणार. नाकाला पदर लावून गेली. विज्ञानात माहेर आणू नये.

१८ मार्च, सोमवार
हॉटेलवाला आला. ग्लासभर पाणी प्यायला, वाहवा केली. तीन यंत्रं घेतो म्हणाला. मग सहज, आपली मासळी बघायला आत गेला. गेला तसा बाहेर आला. पाणीही नको म्हणाला, मासळीही नको. आता कायमची नको. मी एफिशियन्सीचा आलेख काढेपर्यंत त्याची गाडी निघून गेली होती. वाचता तरी आला असता का, कोण जाणे.

१८ मार्च, संध्याकाळी
मेव्हणा परतला. ओरडेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. ओरडला नाही. क्रेटवर बसून रडला. मला कसंतरीच झालं.
सगळी मासळी फेकली. खोली धुवायला मीच माझ्या बादल्या पुढे केल्या. तिन्ही बादल्या दारापाशीच संपल्या. मेव्हण्याने टँकर मागवला.
यंत्र सुधारण्याविषयी दोन शब्द बोलणार होतो. तो म्हणाला, भावजी, जाताना दार लावून घ्या.
लावलं.