लेकीच्या लग्नात पेडल स्टील

३ जानेवारी
ठरलं! लेकीच्या लग्नात मी पेडल स्टील गिटार वाजवणार. वाद्य अजून घरी यायचंय, पण ती किरकोळ बाब आहे.

कारण लिहून ठेवतो. लग्न बावीस मार्चला. लेकीने काल अक्षरशः हात जोडले. म्हणाली, बाबा, काहीही कर पण भाषण करू नकोस. लग्न ठरल्याच्या जेवणात मी दोन शब्द बोललो होतो, त्याचा हा राग. सुरुवात तिच्या लहानपणापासून केली होती आणि शेवट प्रोग्रेसिव्ह लेन्सवर झाला. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाचं असं होतं. दुसऱ्याच दिवशी तिचे मामेसासरे डोळे तपासायला दुकानात आले, हे मात्र कुणी बोलत नाही.

पण मला तिला सांगायचंय. ती गेली की घर खायला उठणार आहे. हे तोंडाने म्हणायला गेलो की मध्ये लेन्स येते. म्हणून वाजवून सांगणार. हे वाद्य हुंदका दिल्यासारखं वाजतं, आणि आपल्या नात्यागोत्यात ते कुणी ऐकलेलं नाही. चुकलं तर कळणार कुणाला? मानलं बुवा मला!

८ जानेवारी
वाद्य आलं. सेकंडहँड, पण राजबिंडं. टेम्पोवाल्याने विचारलं, इस्त्रीचं टेबल कुठे ठेवू. माफ केलं.

दहा तारा, खाली पेडल, शिवाय गुडघ्याने ढकलायच्या दांड्या. डाव्या हातात लोखंडी कांडी, ती तारांवरून सरकवायची. उजव्या हाताच्या बोटांना नख्या. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सगळे एकदम कामाला. बायको म्हणाली, तुम्हाला फोनवर बोलता बोलता चहा पिता येत नाही. बायकांना वाद्यांतलं फार कळत नाही.

(ती बारा वर्षं पेटी शिकली आहे. पण पेटी वेगळी.)

१० जानेवारी, शनिवार
पहिला ऑनलाइन क्लास. सर एकदम भला माणूस. टक्कल, मोठा मग, मागे भिंतभर वायरी. कांडी कशी धरायची ते दाखवलं. माझी बैठक फार चांगली आहे म्हणाले. उपजत असावी.

संकल्प: रोज पहाटे एक तास रियाज.

११ जानेवारी
पहाट हुकली. रविवार आहे.

१२ जानेवारी
पहाट हा प्रकारच शास्त्रशुद्ध नाही. थंडीत तारा आक्रसतात. रियाज संध्याकाळी.

१७ जानेवारी, शनिवार
सरांनी विचारलं, आवाज फार बारीक येतोय, अॅम्प न लावता वाजवताय का. मी म्हणणार होतो की अॅम्पचा आवाज चांगला मोठा ठेवलाय, तेवढ्यात तेच म्हणाले, शेजाऱ्यांचा एवढा विचार करणारे विद्यार्थी आता राहिले नाहीत. कौतुक चाललंय तर मध्ये कशाला बोला? हो म्हटलं.

टायमिंगही छान आहे म्हणाले. दुसऱ्याच क्लासला टायमिंग!

१९ जानेवारी
खालच्या काकू तेलाची बाटली घेऊन वर आल्या. तुमचं कुठलं तरी दार फार कुरकुरतंय म्हणाल्या, आधी बिजागऱ्यांना तेल घाला. बिचाऱ्यांचं वय झालं आता. कान तपासून घ्या असं प्रेमाने सुचवलं. बाटली ठेवून घेतली.

२६ जानेवारी
दुकानात काउंटरखाली पायांचा सराव सुरू केला. वर गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावायची, खाली आपलं पेडल चालू. आज एका बाईंना चौथी ओळ वाचता वाचता माझा गुडघा लागला. त्या उठूनच गेल्या. फ्रेम न घेता.

सराव मात्र उत्तम झाला.

३१ जानेवारी, शनिवार
क्लासमध्ये पूर्ण चाल वाजवली. सर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावरही बराच वेळ डोळे मिटलेलेच. मग दचकून उघडले आणि म्हणाले, अगदी शांत वाटलं. एखाद्या कसलेल्या माणसाला इतकं शांत करणं सोपं नाही. दिवसभर जमिनीवर पाय नव्हते. बायकोला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, सरांकडे हेडफोन चालतोय ना, एकदा विचारा. जळते.

७ फेब्रुवारी, शनिवार
लेकीला सांगून टाकलं! हॉलच्या दारातून ती आत येईल तेव्हा मी वाजवणार. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भारावली असावी. मग म्हणाली, बाबा, त्यापेक्षा भाषण कर ना, छोटंसं. म्हणजे मनातून भाषण हवंच होतं पठ्ठीला! पण मी बधलो नाही. एकदा शब्द दिला म्हणजे दिला.

१६ फेब्रुवारी
खालच्या काकू बहिणीकडे राहायला गेल्या, महिनाभर. हवापालटासाठी असेल. आता अॅम्प अजून मोठा करता येईल, आयतीच सोय झाली.

२१ फेब्रुवारी, शनिवार
सरांना लग्नाचं सांगितलं. म्हणाले, इतक्या लवकर लोकांपुढे सहसा कुणी वाजवत नाही, पण तुमचा हात बघता हरकत नाही. हात बघता! हे वाक्य देवघरात लावावं असं आहे.

लग्नातल्या बँडच्या म्होरक्यालाही फोन करून कळवलं की तुम्ही मागे हळू वाजवा, पुढे मी असेन. तो बरं म्हणाला. दडपण आलेलं दिसलं.

५ मार्च
लेक सामान बांधायला लागली. तिच्या खोलीत खोकी आहेत. मी दारात उभा राहून विचारलं, काही मदत हवी का. नको म्हणाली. मग मी तिला काचेला ओरखडे न पडता चष्मा कसा पॅक करायचा ते समजावलं. ती चष्मा लावत नाही.

वाजवण्याला पर्याय नाही.

१४ मार्च, शनिवार, सकाळ
आज होणारे जावई क्लास बघायला येणार. कॉम्प्युटरमधला मुलगा आहे, संगीताची आवड असेल नसेल. बघू देत सासरा काय चीज आहे ते.

१४ मार्च, संध्याकाळ
लिहवत नाही. पण लिहितो.

मी वाजवायला लागलो. जावई खुर्चीत आधी सरळ बसले, मग खुर्चीला घट्ट धरून बसले. सर स्क्रीनवर नेहमीसारखे मान डोलावत होते. जावई एकदा माझ्याकडे बघतात, एकदा सरांकडे. शेवटी हळूच म्हणाले, काका, सरांना हे ऐकू येतंय का नक्की? मग त्यांनी काहीतरी सेटिंग उघडलं. म्हणाले, गोंगाट गाळायचं फिल्टर चालू आहे. बोलणं पलीकडे जातं, पण मागे पंखा, मिक्सर, ट्रॅफिक असं काही असेल तर ते कापून टाकतं. लांबवलेला सूर त्याला गोंगाट वाटतो. म्हणजे एवढे दिवस सरांना फक्त माझ्या नख्यांची टकटक ऐकू जात होती.

जावयांनी फिल्टर बंद केलं. मी वाजवलं. सर म्हणाले, आधी पंखा बंद करा.

पंखा बंदच होता.

मी परत वाजवलं. सरांनी हातातला चहाचा मग खाली ठेवला. विचारलं, लग्न पुढच्या वर्षी आहे ना?

१५ मार्च
संगीत सोडलं. कायमचं.

१५ मार्च, दुपार
सरांचा स्वतःहून फोन! ज्यादा क्लास घेणार. भला माणूस आहे म्हटलं होतं ना मी? योजना अशी: बँड वाजवत राहील. लेक दारात आली की बँड थांबेल. त्या शांततेत मी एकच सूर लावायचा, एक पेडल दाबून तो वर चढवायचा, की बँड परत सुरू. बाकी कशाला हात लावायचा नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

विचार केला तर मुख्य भाग तोच! बाकी सगळे नुसतेच वाजवणार. अंगात नुसती वीज खेळतेय!

१८ मार्च
एकच सूर, दिवसभर. कांडी कुठे थांबवायची तिथे लाल चिकटपट्टी लावली. आज दहापैकी सहा वेळा बरोबर आला. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, हा बरोबर होता. बारा वर्षं पेटी शिकलेली बाई आहे, उगाच नाही बोलणार. मी तोंड फिरवून कांडी पुसत बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं.

२१ मार्च
दहापैकी दहा! झोपेतही लागेल. उद्या तिला कळेल. जे माझ्या तोंडून एकदाही नीट निघालं नाही, ते सगळं त्या एका सुरात आहे. उद्या रडारड होणार. माझी नाही, लोकांची.

२३ मार्च
लग्न पार पडलं. लेक सासरी गेली.

वाद्य वेळेवर लागलं होतं. अॅम्प चालू, नख्या बोटांत, कांडी लाल पट्टीवर, पाय पेडलवर. म्होरक्याने मान हलवली. बँड थांबला. दार उघडलं आणि ती आत आली.

मी बघत राहिलो. ती कधी एवढी मोठी झाली तेच कळेना. एवढ्या माणसांतून ती आधी मला शोधत होती, आणि मी दिसल्यावर हसली. मीही हसलो. हात तसाच वर. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं जणू. ती चालत चालत पार पुढे आली, तेव्हा बँडला वाट बघून कंटाळा आला आणि त्यांनी सुरू केलं.

एक सूर होता. तो वाजवायचा राहिला.

नंतर दोघातिघांनी येऊन सांगितलं की मुलगी शांततेत आली ते फार छान वाटलं, कल्पना कुणाची? बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. सरांचा मेसेज आला, कसं झालं? अजून उत्तर दिलेलं नाही.

गाडीत बसण्याआधी लेकीने मला घट्ट मिठी मारली. मी म्हणालो, अगं, मला ते... आणि पुढे नेहमीप्रमाणे काही येईना. ती कानाशी म्हणाली, खूप छान वाजवलंस बाबा, एकही सूर चुकला नाही.

मी थँक यू म्हणालो.